कॉलेजात इंग्रजी पुन्हा हातात घेताना

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी पदवीच्या वर्षांत इंग्रजी सुधारायचं ठरवलं की आधी व्याकरणाचं पुस्तक निघतं आणि काळांच्या तक्त्यापाशी गाडी अडते. ते पुस्तक तूर्त मिटून ठेवा. काळ, कर्तरी-कर्मणी शाळेत घोटून झालेलं असतं. राहिलेलं असतं ते वाचन.

आपल्याच विषयाचं, मराठीतून आधी वाचलेलं एखादं प्रकरण इंग्रजीतून घ्या. आशय ओळखीचा असला की अनोळखी शब्द अंदाजानेही लागतात. त्यातला 100 शब्दांचा उतारा निवडून अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. पाचपर्यंत अडले तर पुढे चला. दहाच्या वर गेले तर सोपं पुस्तक शोधा, कारण ओळीओळीला शब्दकोश उघडावा लागला की वाक्याचं सूत्र हरवतं आणि आठवड्याभरात वाचन सुटतं.

शब्दांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' वापरा. ती नेटवर मोफत मिळते. 'ॲनालाइझ', 'फॅक्टर', 'सिग्निफिकंट' असे 570 शब्द आणि त्यांची रूपं तिच्यात आहेत. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा यांनीच भरतो. रोज पाच घेतले तर चार महिन्यांत यादी संपते. वहीत नुसता मराठी अर्थ लिहू नका, पुस्तकातलं अख्खं वाक्य उतरवा. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' लागतं, 'कॉन्ट्रिब्यूट'ला 'टू', हे अर्थ पाठ करून कळत नाही.

वाचून झालं की पुस्तक मिटून त्याचा सारांश लिहा, आठ-दहा वाक्यांत. तपासताना एका फेरीत एकच चूक शोधा. पहिल्या फेरीत 'ही', 'शी' नंतरच्या क्रियापदाचा 'एस', दुसरीत 'अ' आणि 'द'. हे शब्द मराठीत नसल्यामुळे ते हमखास गळतात. तिसरी फेरी मराठीतून आलेल्या वाक्यांसाठी ठेवा. 'मी सहमत आहे' मधल्या 'आहे'मुळे 'आय ॲम ॲग्री' लिहिलं जातं, तिथे नुसतं 'आय ॲग्री' हवं. 'विषयी चर्चा' डोक्यात असते म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. त्यातलं 'अबाउट' काढा.

बोलण्यासाठी 'बीबीसी लर्निंग इंग्लिश'वरचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम चांगला, कारण सोबत लिखित मजकूरही मिळतो. एक मिनिटाचा तुकडा ऐका, त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून पाहा. कुठल्या अक्षरावर जोर आहे तिकडे विशेष लक्ष द्या. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या 'फो'वर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर सरकतो. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, आणि समोरच्याला शब्द लागत नाही. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वेस्ट'ला दोन्ही ओठ गोल होतात. आरशासमोर करून पाहा.

परीक्षेत मराठीतून उत्तरं लिहायची मुभा असेल तर यंदा ती सोडू नका. इंग्रजीतून पहिलं लेखन ट्यूटोरियलसाठी करा, तिथे गुण कमी पणाला लागतात आणि लाल शाईने तपासलेला कागद परत हातात येतो.