वेल्डिंगचा बीड (जोडावर बसलेली धातूची रेघ) छान दिसतोय, पण आत लागलाय का? घरच्या घरी कसं बघायचं

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वेल्डिंगचा हेल्पर म्हणून लागलो तेव्हा घरी मागच्या अंगणात छोट्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर सराव करायचो, आणि दोन महिने माझं सगळं लक्ष फक्त बीड एकसारखा दिसतोय का याच्यावरच होतं. एकदा मोठ्या हौसेने तुकडा मिस्त्रींना दाखवला तर ते हातात पण न घेता म्हणाले, आधी तोडून आण.

तर ते तोडायचं कसं. ६ एमएमच्या दोन एमएस (साध्या लोखंडाच्या) पट्ट्या घ्या, एक आडवी, एक उभी, टी जॉइंट करा, पण वेल्ड एकाच बाजूला मारा, टॅक (आधी धरून ठेवायला मारतात ते छोटे टाके) पण त्याच बाजूला. पूर्ण गार होऊ द्या. मग आडवी पट्टी वाइसमध्ये आवळा आणि वेल्ड नसलेल्या बाजूने उभ्या पट्टीवर हातोडा हाणा, म्हणजे ती वेल्डवर झोपते आणि रूट, म्हणजे वेल्डचा आतला कोपरा, उघडतं. गॉगल हवाच. माझा वेल्ड तर तिसऱ्या घावात सुटला. आत उभ्या पट्टीची कड जशीच्या तशी, कापल्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या आणि कोपऱ्यात स्लॅगची (रॉडच्या लेपाच्या मळीची) काळी लाइन. म्हणजे माल नुसता वर बसलेला. चांगला लागला असेल तर पट्टी वाकते पण सुटत नाही, किंवा तुटलाच तर मधून राखाडी, दाणेदार दिसतो.

चूक होती करंटची, ३.१५ एमएमचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड मी ८० अँपिअरवर चालवत होतो, वर आर्क (रॉड आणि पट्टीमधली ठिणगी) लांब. ११५ केला, आर्क जवळ ठेवला, पट्टीवरची काळी पापडी ग्राइंडरने काढली, फरक लगेच दिसला.

दुसरी पद्धत, मला ही जास्त आवडते. जॉइंट हॅक्सॉने आडवा कापा, फाइल मारा, मग ८०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबीसाठी (सर्किट बोर्डसाठी) फेरिक क्लोराइड मिळतं, ते कापसाने लावा, एक-दोन मिनिटांत वेल्ड वेगळ्या रंगात उठून दिसतो. त्याची हद्द कोपऱ्याच्या पुढे दोन्ही पट्ट्यांत शिरलीय का तेच बघायचं. ग्लोव्हज घाला, प्लॅस्टिकची वाटी घ्या, डाग कपड्यावरून जात नाहीत. नायट्रिक ॲसिड घरात आणूच नका, प्लीज.

आणि हे सगळं सेटिंग समजायला आहे हां, एक तुकडा पास झाला म्हणून लगेच कुणाच्या गॅलरीची रेलिंग करायला घेऊ नका.