कोकणात एल्फ उतरवताना: रेस निवडीतल्या या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या कथाखेळात कोकणातली कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) म्हटली की डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, डोळ्यांपुढे खाडी येते, जलदुर्ग येतो, आवसेची रात्र येते. मग खेळाडू कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) भरतात आणि दोन-तीन सेशनांत सगळ्याची हवा निघून जाते. अंधाराचं भय उरत नाही, कारण जवळपास सगळ्यांना अंधारात दिसतं. पाण्याचं उरत नाही, कारण एकाला पाण्याखाली श्वास घेता येतो. तट तर पंखवाल्याने पहिल्याच दिवशी निकालात काढलेला असतो. रेस, म्हणजे एल्फ, ड्वार्फ असा पात्राचा वंश, निवडताना किनाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं.

नाव बदललं, बाकी जैसे थे

एल्फला यक्ष म्हणायचं, ड्वार्फला पाथरवट म्हणायचं आणि कॅम्पेन कोकणी झाली असं समजायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नाव पाटीवरचं बदललं, पण टेबलावर काय बदललं? शीटवरचं एकेक वैशिष्ट्य घ्या आणि ते इथल्या जमिनीवर ठेवून बघा.

ड्वार्फच घ्या. तो विषाला सहजी दाद देत नाही. रत्नागिरीकडच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) दगड उचलला की खाली फुरसं असू शकतं, म्हणजे सड्यावर पुढे चालायचा मान आपोआप ड्वार्फचा. २०२४ च्या नियमांत त्याला आणखी एक गोष्ट मिळाली: दगडाला पाय किंवा हात टेकलेला असेल तर दहा मिनिटं साठ फुटांपर्यंतची हालचाल त्याला कंपनांवरून कळते. सड्याचा जांभा हा दगडच, तिथे त्याच्यामागून कुणी दबकत येऊ शकत नाही. पण पुळणीवर वाळूत उतरला की ही विद्या बंद. शत्रूला हे ठाऊक असेल तर तो गाठायला पुळणच निवडेल. शिवाय जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. चिरेखाणीवर वाढलेल्या ड्वार्फला हाताने चाचपून सांगता यावं की हा चिरा जुना आहे की काल-परवा बसवलाय. चोरवाट शोधायला आणखी काय हवं? रेसचं नाव ड्वार्फच ठेवलंत तरी ती इथली झाली.

एल्फचं वय शोभेला ठेवणं

एल्फ सातशे वर्षांच्या पुढे जगतो आणि शंभरीच्या आसपास प्रौढ मानला जातो. हे सगळे वाचतात आणि विसरतात. कॅम्पेन कान्होजी आंग्र्यांच्या काळात, समजा १७२० साली घडते आहे. तुमचा १२० वर्षांचा एल्फ म्हणजे नुकता मिसरूड फुटलेला पोरगा. पण १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं तेव्हा तो ६४ वर्षांचा होता. दगड कुठून आले, कुणी वाहिले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. मग इतिहासाच्या प्रत्येक प्रश्नाला डाइस टाकायला लावू नका. काही गोष्टी त्याला सरळ आठवू द्या, आणि काही अर्धवट, कारण तेव्हा तो लहान होता. अर्धवट आठवणीतून जी फजिती होते ती फार चांगली होते.

अंधारात सगळं दिसतं असं मानणं

२०१४ च्या मूळ पुस्तकातल्या नऊ रेसपैकी सहा रेसना अंधारदृष्टी आहे. उरतात माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न. त्यामुळे मशाल कुणी घेतच नाही. इथे काही डीएम अंधारदृष्टीच काढून टाकतात. माझ्या मते गरज नाही, नियम पूर्ण वाचला तरी पुरतं. मिट्ट काळोख अंधारदृष्टीला अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणजे डोळ्यांनी काही शोधताना दोन डाइस टाकून कमी आकडा घ्यायचा. आणि रंग दिसत नाहीत, फक्त करड्या छटा.

ही रंगांची गंमत वापरून बघा. देवळाच्या गाभाऱ्यात दोन परड्या, एकीत हळद, दुसरीत कुंकू. दार उघडायला उंबऱ्यावर कुंकूच वाहायचं आहे. आमच्या टेबलावर एल्फ खेळणारी ऐटीत पुढे झाली, परड्यांवर वाकली आणि म्हणाली, “अरे, दोनय सारखीच दिसतत!” मशाल पेटवायची तर बाहेरच्या पहारेकऱ्याला उजेड दिसणार. पुढचा अर्धा तास डीएमला काही करावं लागलं नाही.

पोहणारे आणि उडणारे

ट्रायटन पाण्यात श्वास घेतो, म्हणून भरती-ओहोटीचा अडथळा बाद होत नाही. तो एकटा पलीकडे जाईल, बंदुकीची दारू कोरडी जाणार नाही. बाकीच्यांचा दम एक मिनिट, अधिक त्यांच्या काटकपणाचा बोनस, एवढाच. उडणाऱ्यांसाठी २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात जोराच्या वाऱ्याचा नियम आहे: जादूशिवाय उडणाऱ्याने आपली पाळी संपताना जमिनीवर उतरायचं, नाहीतर तो पडतो. आषाढात जंजिऱ्यासारख्या जलदुर्गावर झेपावणाऱ्याने आधी उतरायची जागा शोधावी. खाली समुद्र आहे. फक्त हे पहिल्याच बैठकीत सांगा, ऐनवेळी पुस्तक उघडलंत तर खेळाडूला तो दगा वाटेल आणि त्याचं चुकणार नाही.

खऱ्या माणसांना रेस बनवणं

इथे मात्र हलकं घेऊ नये. कोळी किंवा गाबीत म्हणजे मत्स्यमानव, जंजिऱ्याचे सिद्दी म्हणजे ऑर्क, रानातले कातकरी म्हणजे गॉब्लिन, असं ‘सोयीचं’ जुळवणं सुचतं आणि ऐकताना चतुरही वाटतं. आपल्याकडे जन्मावरून स्वभाव आणि काम ठरवण्याचा उद्योग आधीच भरपूर झालाय, त्याला आकड्यांची जोड देऊ नका. २०२४ च्या नियमांत ताकद-चपळाईची वाढ रेसकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीकडे (आधीच्या धंद्याकडे) दिली आहे, ती इथे छान उपयोगी पडते. खलाशाची पार्श्वभूमी घेणाऱ्याला ताकद, चपळाई किंवा शहाणपण वाढवता येतं, मग तो गलबतावरचा एल्फ असो की हाफलिंग. दोर ओढून दंड भरतात.

बोलीचंही तेच. खलनायक प्रमाण मराठीत आणि विनोदी गॉब्लिन मालवणीत, हे एकदा हसवतं. सावंतवाडीचा खेळाडू टेबलावर असेल तर एकदाही नाही. राजाला मालवणी बोलू द्या की.

देव आणि भुतं

मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस यांना खेळायची रेस करायचा मोह होतो. गिऱ्हा पाण्याजवळ माणसाला भुलवतो, तेवढा अंश घेऊन नवी रेस रचली तर जमून जाते. हडळीची गोष्ट बऱ्याचदा बाळंतपणात गेलेल्या बाईची असते, तिथे टेबलावर कोण बसलंय ते बघून हात घाला. वेतोबाला मात्र हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) देऊ नका. आरवलीला लोक आजही त्याला मोठाल्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. त्याच्यासारखा राखणदार हवा असेल तर तो कथेत ठेवा आणि त्याच्याकडे जायची वाट गाऱ्हाण्यातून (देवापुढे घालायच्या विनवणीतून) काढा. एका खेळाडूने पात्राच्या तोंडून गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. वाक्य जमलं तर बोनस. लाजरे खेळाडूही यात मोकळे होतात.

किती रेस ठेवायच्या? चार-पाच. प्रत्येकीचं एक गाव, एक धंदा आणि शेजारच्या रेसशी एक जुनं भांडण (आंब्याच्या कलमाचं असलं तरी चालेल). याबाहेरची रेस कुणी मागितली तर ती गलबतातून आली, असं धरा आणि कुठल्या बंदरातून ते त्या खेळाडूलाच ठरवू द्या.

खेळ सुरू झाल्यावर एखादी रेस जड जातेय असं दिसलं तर सेशनच्या मध्ये कापाकापी नको. खेळाडूला बाजूला घेऊन विचारा, या रेसमधली कुठली एक गोष्ट तू सोडणार नाहीस? ती तशीच ठेवा, बाकीचं दोघांनी बसून बदला आणि पुढच्या सेशनच्या आधी सगळ्यांना ग्रुपवर कळवा.