इंग्रजी बातमीत 'सेड' कसा वापरावा

इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, हातात आली की मी आधी क्रियापदं तपासते. नवे वार्ताहर 'सेड' (said, म्हणजे 'म्हणाले') टाळतात, कारण तो सारखा येतो. येऊ द्या. वाचकाची नजर त्यावर अडकत नाही. कोण बोललं तेवढं कळतं.

पर्यायी शब्द मात्र बाजू घेतात. 'निधी संपला आहे, असं मंत्र्यांनी सांगितलं' इथे 'सेड' पुरतो. 'अ‍ॅडमिटेड' लिहिलंत, तर मंत्र्यांनी आजवर ते लपवलं होतं असा अर्थ निघतो. 'क्लेम्ड'मध्ये अविश्वास डोकावतो. 'पॉइंटेड आउट' किंवा 'रिव्हील्ड' लिहिलंत, की ते म्हणणं खरं असल्याची ग्वाही तुम्हीच दिलीत! आरोपीच्या बातमीत तर हे जिवापाड सांभाळा.

जागेचं सोपं आहे: आधी अवतरण, मग नाव, मग 'सेड'. नावानंतर लांबलचक पद येत असेल तर 'सेड' नावाआधी घ्या. अवतरण तीन-चार वाक्यांचं असेल, तर पहिल्या वाक्यानंतरच बोलणारा सांगून टाका. अहवालासाठी 'अकॉर्डिंग टू' उत्तम.

'ही बिलीव्ह्ज' दिसलं की मी 'ही सेड ही बिलीव्ह्ज' करते. त्याच्या मनातलं आपल्याला कुठे माहीत असतं? त्याने सांगितलं तेवढंच छापायचं.