मॅजेन्टोचा जुना डॉकर सेटअप डीडेव्हवर नेताय? या चुका टाळा

मॅजेन्टो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कितीतरी दुकानांचं लोकल काम, म्हणजे डेव्हलपरच्या स्वतःच्या मशीनवरचं काम, आजही डॉकरचे कंटेनर (एकेक सॉफ्टवेअर वेगळं चालवणारे कप्पे) एकत्र उभे करणाऱ्या एका जुन्या कंपोज फाइलवर चालतं. ती लिहिणारा कधीच दुसरीकडे गेलेला असतो, आणि फाइल चालते म्हणून कुणी हात लावत नाही. मग एक दिवस हात लावावाच लागतो. कंपोजच्या पहिल्या आवृत्तीचा सपोर्ट जुलै २०२३मध्ये संपला. मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) अॅपलच्या नव्या चिपसाठी उपलब्धच नाही, त्यामुळे टीममध्ये नवा मॅकबुक आला की पहिला खोळंबा तिथेच होतो.

आम्ही अशी दुकानं डीडेव्हवर, म्हणजे डॉकरवरच लोकल सेटअप उभा करून देणाऱ्या टूलवर, हलवतो. डीडेव्ह उभं करायला तासभर पुरतो. पुढचे दिवस जातात ते जुन्या सेटअपच्या पोटात दडलेल्या गोष्टी शोधण्यात.

टूल आणि आवृत्त्या एकदम बदलणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "हलवतोच आहोत तर पीएचपीही वाढवू, मारियाडीबीही घेऊ, ओपनसर्चही लावू" असं मीटिंगमध्ये ठरतं. (पीएचपी ही मॅजेन्टोची प्रोग्रामिंग भाषा, मारियाडीबी मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस, ओपनसर्च सर्च इंजिन.) मग चेकआउट तुटलं की ते नव्या पीएचपीमुळे, नव्या डेटाबेसमुळे की नव्या टूलमुळे, हे सांगायला कुणी नसतं. दुकान मॅजेन्टो २.३, पीएचपी ७.४ आणि मायएसक्यूएल ५.७वर असेल तर डीडेव्हच्या कॉन्फिग फाइलमध्ये तेच आकडे लिहा. डीडेव्हमध्ये हे निवडता येतं. दुकान जसंच्या तसं चालू झालं, ते कमिट केलं (कोडच्या इतिहासात नोंदवलं), की मग आवृत्त्या वाढवा, त्याही एकेक करून.

डंप आयात झाला, म्हणजे काम झालं असं समजणं

डेटाबेस हा या कामाचा सगळ्यात किचकट भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. डंप म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत.

आयात करताना एरर १२७३ आली तर डंप बहुधा मायएसक्यूएल ८चा आहे आणि तुम्ही तो मारियाडीबीत टाकताय. मायएसक्यूएल ८चं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) मारियाडीबीच्या जुन्या आवृत्त्या ओळखत नाहीत. लाइव्हवर जे इंजिन आहे तेच लोकलला ठेवलंत तर हा प्रश्न येतच नाही. पहिल्याच ओळीवर आयात अडली तर डंप उघडून बघा. मे २०२४पासून मारियाडीबीचं डंप टूल फाइलच्या सुरुवातीला 'सँडबॉक्स मोड'ची एक ओळ घालतं आणि मायएसक्यूएलच्या क्लायंटला ती कळत नाही. ती ओळ काढून टाका.

एरर १४४९ मात्र लपून बसते. आयात व्यवस्थित होते, दुकानाचं पहिलं पान उघडतं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अॅडमिनमध्ये प्रॉडक्ट सेव्ह करतं आणि 'डिफायनर अस्तित्वात नाही' असा निरोप येतो. कारण असं: इंडेक्सर (दुकानाचा डेटा पटकन वाचता येईल असा मांडून ठेवणारे भाग) 'शेड्यूलनुसार अपडेट'वर असले की मॅजेन्टो कॅटलॉगच्या टेबलांवर ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणाऱ्या सूचना) बसवतं, आणि त्या प्रत्येक ट्रिगरवर 'डिफायनर', म्हणजे तो बनवणारा, म्हणून जुन्या डेटाबेस युजरचं नाव कोरलेलं असतं. नव्या कंटेनरमध्ये तो युजरच नाही. डंपमधून डिफायनरचे उल्लेख आधीच गाळा. तो टप्पा राहून गेला असेल तर इंडेक्सरचा मोड एकदा 'रिअलटाइम' करून परत 'शेड्यूल' करा, म्हणजे ट्रिगर नव्या युजरच्या नावाने पुन्हा बनतात.

लोकल उघडलं आणि लाइव्ह दुकानात पोहोचलो

बेस यूआरएल, म्हणजे दुकानाचा मूळ वेब पत्ता, सहसा फाइलमध्ये नसतो, डेटाबेसच्या कॉन्फिग टेबलात असतो. तो लोक बदलतातच, पण फक्त डीफॉल्ट स्कोपची, म्हणजे सगळ्या दुकानाला लागू होणारी ओळ. दुकानाचे मराठी, हिंदी, इंग्रजी असे स्टोअर व्ह्यू असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ असू शकते. एक विसरली की भाषा बदलताच ग्राहकांच्या खऱ्या दुकानात जाऊन पडाल, आणि लक्षात न येता तिथेच टेस्ट ऑर्डर द्याल.

याचंच भावंड म्हणजे कुकी डोमेन, म्हणजे ब्राउझरमधली लॉगिनची खूण ज्या पत्त्यावर चालते तो पत्ता. अॅडमिनमध्ये पासवर्ड बरोबर टाकता, एररही येत नाही, तरी लॉगिनचं पान पुन्हा समोर. पासवर्ड रीसेट करत बसू नका, त्याच टेबलातलं जुनं कुकी डोमेन काढा आणि कॅशे साफ करा.

नवी एन्व्ह फाइल बनवणं

इन्स्टॉलर चालवून कोरी एन्व्ह फाइल (मॅजेन्टोच्या जोडण्यांची सेटिंग्ज ठेवणारी फाइल) घेतलीत तर तिच्यात नवी क्रिप्ट की (माहिती सांकेतिक करणारी किल्ली) येते. पेमेंट गेटवेच्या, कुरिअरच्या सांकेतिक रूपात साठवलेल्या किल्ल्या मग वाचता येत नाहीत. जुनी की जपून आणा. बदलायची ती फक्त जोडणीची माहिती: डीडेव्हमध्ये डेटाबेसचा होस्ट, युजर, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव, चारही 'डीबी' आहेत. सर्चचा होस्टही डेटाबेसमध्ये असू शकतो. 'नो अलाइव्ह नोड्स फाउंड' असं दिसलं तर आधी तिथे बघा. लिनक्सवर सर्चचा कंटेनर सुरू होताच बंद पडत असेल तर कर्नलची मेमरी मॅपची मर्यादा किमान २६२१४४ आहे ना, ते तपासा.

खऱ्या ग्राहकांना मेल जाणं

जुन्या सेटअपमध्ये मेल अडवणारा मेलहॉग होता, नव्यात मेलपिट असतो. पण दुकानात बाहेरच्या एसएमटीपीचं (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं) एक्स्टेंशन असेल तर ते दोघांनाही वळसा घालून थेट मेल पाठवतं. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तसंच: ते सुरू करताच तुमची लोकल प्रत खऱ्या ईआरपीला (धंद्याचा साठा-हिशोब सांभाळणाऱ्या सिस्टिमला) ऑर्डर पाठवायला लागू शकते. म्हणून क्रॉन सगळ्यात शेवटी सुरू करा. डंप घेतानाच मॅगरन या मॅजेन्टोच्या कमांड-लाइन टूलच्या 'स्ट्रिप' पर्यायाने ग्राहक आणि ऑर्डरचा डेटा वगळा. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आपल्या लॅपटॉपवर असण्याचं काहीच कारण नाही.

किरकोळ दोन गोष्टी. एक्सडीबग या पीएचपीतल्या चुका शोधायच्या टूलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पोर्ट ९००० नाही, ९००३ आहे. आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर कोड सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या बाजूला ठेवा. पान उघडायला लागणाऱ्या वेळेत फरक लगेच दिसेल.

जुनं घाईने पाडणं

डीडेव्हवर न जाता फक्त कंपोजच्या नव्या आवृत्तीवर जात असाल तर हे आधी वाचा. कंटेनरच्या नावातली अंडरस्कोर जाऊन हायफन येते, त्यामुळे नाव घालून लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट गप्प होतात. प्रोजेक्टचं नाव फोल्डरवरून ठरतं, म्हणून फोल्डरचं नाव बदललं की रिकामा डेटाबेस समोर येतो. डेटा गेलेला नसतो, जुन्या नावाच्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरचा डेटा साठवणाऱ्या जागेत) शाबूत असतो. अशा वेळी घाबरून कंपोजच्या 'डाउन' कमांडला व्हॉल्यूम पुसणारा 'व्ही' पर्याय जोडून सगळं नव्याने सुरू करणारे मी पाहिलेत. फोल्डरचं नाव परत जुनं केलेलं असलं, तर तो 'व्ही' नेमका तोच भरलेला व्हॉल्यूम पुसतो.

जुना आणि नवा सेटअप एकाच वेळी चालू ठेवू नका, ८० आणि ४४३ पोर्टवर दोघं भांडू शकतात. जुना थांबवा, पण मिटवू नका. नव्यावर प्रॉडक्ट शोधा, कार्टमध्ये टाका, पेमेंट गेटवेच्या चाचणी सँडबॉक्समधून पैसे भरा, मेलपिटमध्ये ऑर्डरचा मेल बघा, अॅडमिनमधून इन्व्हॉइस काढा, एक प्रॉडक्ट सेव्ह करा. मग टीममधल्या दुसऱ्या कुणाला तरी कोऱ्या लॅपटॉपवर, तुम्हाला काही न विचारता, फक्त रीडमी वाचून हेच सगळं करू द्या. ते जमलं की जुने व्हॉल्यूम काढा.