टोळ्या निघायच्या आधी आराखडा वहीत उतरवा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मोहिमेच्या बैठकीला बसणारी निम्मी माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर बेळगावकडच्या फडात ऊस तोडायला जातात. म्हणून ऊसतोड कामगारांच्या हक्कांसाठी यंदा जे मिळून ठरवायचं, ते टोळ्या निघायच्या आधी लिहून झालं पाहिजे. गावात राहिलेल्या म्हाताऱ्याला ते जितकं कळेल, तितकंच थळावरच्या, म्हणजे टोळीच्या मुक्कामावरच्या, कोपीत (झोपडीत) बसलेल्या बाईलाही कळलं पाहिजे. पुढची सगळी तयारी ही अट धरून करा.

कामाला आषाढातच लागा. उचलीची, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घ्यायच्या पैशांची, बोलणी सुरू असतात तेव्हा येत्या हंगामाचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो. पहिल्या बैठकीला कोरी वही न्या, छापील मसुदा नेऊ नका. तयार मसुदा वाचून दाखवला की लोक माना डोलावतात आणि उठून जातात. गेल्या साली काय सोसलं, यंदा काय बदललं पाहिजे, एवढंच विचारा आणि उत्तर येईल त्याच शब्दांत लिहा. ‘कामगारांना आरोग्यसुविधा मिळाव्यात’ या वाक्याला कुणी जीव लावत नाही. ‘ताप आला, पाळीचा त्रास झाला म्हणून एक दिवस फडात गेलं नाही, तर खाडा कापू नये’ हे वाक्य बायकांचं आहे आणि त्या ते मुकादमासमोर म्हणू शकतात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. त्या दुखण्यामागे खाड्याची, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापले जाण्याची, धास्तीही होती. ही मागणी आराखड्यात सगळ्यात वर असावी, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रत्येक मागणीपुढे लिहा की ती कुणाच्या हातात आहे. उचलीचा लेखी हिशेब मुकादमाकडे आणि कारखान्याकडे मागायचा. ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्रासाठी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. मागे राहणाऱ्या पोरांच्या हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. कल्याणाच्या योजनांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडकवून ठेवलं, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे, आणि तिथे तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. ओळखपत्राच्या यादीत नवरा आणि बायको यांची नावं वेगवेगळी लागतील याची खात्री करा. एक कोयता म्हणजे जोडी, पण नोंद बहुतेक वेळा नवऱ्याच्याच नावावर होते आणि बाईचं काम कागदावर दिसतच नाही.

तारखा दसऱ्यापासून मागे मोजा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, त्याआधीच्या महिला सभेत तो बायकांनी मांडायचा आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात घ्यायची. गावातल्या किती कामगारांची नोंद झाली, हे माहिती अधिकारात त्याच आठवड्यात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर वेळेत आलं, तर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला पालकमंत्री जिल्ह्याच्या गावी येतात, तेव्हा द्यायच्या निवेदनात आकडे घालता येतात. उत्तर आलं नाही, तर अपील कोण करणार त्याचंही नाव आधीच लिहा.

नावांचं मात्र फार जपून. ज्याने उचल घेतली आहे त्याचं नाव मोहिमेच्या यादीत दिसलं, तर मुकादम त्यालाच आधी गाठतो. म्हणून दोन वह्या ठेवा. मागण्या, तारखा, जबाबदाऱ्या यांची वही कुणीही वाचावी. नावं, उचलीच्या रकमा आणि फोन नंबर दुसऱ्या वहीत, आणि ती दोघींच्या ताब्यात. तिचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. ज्याचं नाव लिहायचं त्याला विचारूनच लिहायचं, आणि उद्या त्याने ‘काढा’ म्हटलं की मुकाट्याने काढायचं.

मतभेदही लिहा. लेखी हिशेबाचा आग्रह धरला तर पुढच्या साली उचलच मिळणार नाही, असं काहींना वाटतं. ती भीती खरी आहे. वहीत तिला जागा दिली, तर ती माणसं मोहिमेत टिकतात.

आता सगळ्यात अवघड भाग. माणसं पांगल्यावर निर्णय कोण घेणार? फडात अपघात झाला, बाळंतपण अडलं, ट्रॅक्टर उलटला, तर बैठकीची वाट बघत बसता येत नाही. प्रत्येक टोळीतली एक बाई आणि एक पुरुष यांची नावं ठरवा. पहिला फोन गावात कुणाला करायचा, तो लागला नाही तर दुसरा कुणाला, हे लिहा. दवाखाना, पोलीस, कारखान्याचं शेतकी ऑफिस यांच्याशी बोलायची मोकळीक त्या दोघांना आधीच द्या. पण तडजोडीचे पैसे घेऊन प्रकरण मिटवायचं का, हे ज्या घरावर वेळ आली त्या घराला विचारल्याशिवाय कुणीही ठरवायचं नाही. हे ठळक अक्षरांत लिहा.

मोहिमेच्या पैशांचा हिशेब दर महिन्याला शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवा.

प्रत्येक टोळीला आराखड्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, कोपीत पाणी शिरतं. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर गावातल्याच एखाद्या बाईच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. तांड्यावरच्या बंजारा टोळ्यांसाठी त्यांच्या गोरमाटी बोलीतही करा, त्यांच्यातल्याच कुणाकडून. हंगामात काही बदललं, तर जुनं खोडू नका. खाली तारीख घालून नवं लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा, आणि टोळ्यांना पुन्हा आवाजातच कळवा.

परतल्यावरच्या बैठकीचा दिवसही आत्ताच धरून ठेवा. १४ एप्रिलपर्यंत बरीच माणसं माघारी येतात, पुढे लग्नसराईत कुणी सापडत नाही, म्हणून जयंतीनंतरचा पहिला रविवार बरा. त्या दिवशी येताना उसाच्या वजनाच्या पावत्या, खाड्यांच्या नोंदी आणि मुकादमाने दिलेला हिशेब प्रत्येक टोळीने बरोबर आणायचा. नवी उचल घ्यायची की नाही, हे ती बैठक झाल्यावर ज्याने त्याने ठरवावं.