छोट्या इंटरनेट सेवा पुरवठादाराने व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर निवडताना

ग्राहक शंभर-दीडशेच्या आत असतात तोवर वही, एक्सेलचा तक्ता आणि मालकाची स्मरणशक्ती एवढ्यावर इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय चालून जातो. त्यापुढे मात्र थकबाकीदाराची जोडणी बंद करायची राहून जाते, पैसे भरलेल्याची नेमकी बंद होते आणि कोणाच्या घरी कोणता राउटर दिला आहे हे दोन कर्मचारी दोन तऱ्हांनी सांगतात. मग सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू होते आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके समोर ठेवली की सर्वांकडे सर्व काही असल्याचे दिसते. म्हणूनच वैशिष्ट्यांच्या याद्या ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. कोणत्याही दुकानाला चालेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि इंटरनेट पुरवठादाराला लागणारे सॉफ्टवेअर यांतला खरा फरक बिल आणि नेटवर्क जिथे एकमेकांना जोडले जातात त्या सांध्यात असतो, आणि निवडीसाठी जेवढा वेळ हाताशी असेल त्याचा मोठा भाग या सांध्याच्या तपासणीला द्यावा.

डेमो मागण्यापूर्वी अर्ध्या पानावर स्वतःची स्थिती लिहून काढावी. ग्राहक पीपीपीओईने (नाव आणि पासवर्ड देऊन) लॉगिन करतात की डीएचसीपीने (आपोआप) पत्ता घेतात, त्यांची सत्रे, म्हणजे चालू जोडण्या, आपल्या कोणत्या राउटरवर येऊन थांबतात, ओएलटी (आपल्या टोकाची फायबरची उपकरणे) कोणत्या कंपन्यांचे आहेत, पैसे आधी घेता की महिना संपल्यावर, आणि मधले वितरक किंवा वसुली करणारी माणसे किती, एवढे त्यात असले तरी पुरे. हा कागद आधीच पाठवला की आपल्याकडची उपकरणे ज्यांना चालत नाहीत असे विक्रेते बहुधा पहिल्याच संभाषणात वेगळे होतात.

डेमोच्या वेळी विक्रेत्याला त्याच्या क्रमाने पडदे दाखवू देऊ नयेत. त्याच्यापुढे एक प्रसंग ठेवावा. थकबाकीमुळे बंद झालेला ग्राहक रात्री अकरा वाजता ऑनलाइन पैसे भरतो आणि त्या वेळी कार्यालयात कोणीही नाही. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून आल्यावर सॉफ्टवेअरने ग्राहकाची स्थिती बदलली पाहिजे आणि त्याच क्षणी आपल्या राउटरला तसे कळवले पाहिजे. ग्राहकाचे लॉगिन तपासणाऱ्या आणि वापर मोजणाऱ्या ‘रेडियस’ या प्रणालीत चालू सत्राचे अधिकार बदलण्याची सोय आहे. ती आरएफसी ५१७६ या तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेली असून तिचा निरोप यूडीपी पोर्ट ३७९९ वर जातो. सॉफ्टवेअर ही सोय नीट वापरत असेल तर सत्र न तुटता वेग पूर्ववत होतो. काही सॉफ्टवेअर सत्र तोडतात आणि ग्राहकाचा राउटर पुन्हा डायल करतो, तेही चालण्यासारखे आहे. मात्र ‘ग्राहकाने राउटर एकदा बंद करून चालू करावा’ असे उत्तर आले, तर असे फोन दर महिन्याला आपल्यालाच घ्यावे लागणार आहेत हे समजून घ्यावे. याच प्रसंगात, बंद असलेल्या ग्राहकाला पैसे भरण्याचे पान उघडता येते का, हेही पाहावे. कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी थकबाकीचे पान दाखवण्याची जुनी युक्ती एचटीटीपीएसमुळे (संकेतस्थळांच्या सुरक्षित जोडणीमुळे) आता नीट चालत नाही, कारण ब्राउझर प्रमाणपत्राची धोक्याची सूचना देऊन थांबतो. त्यामुळे पैसे भरण्याचा दुवा संदेशाने पाठवण्याची आणि पेमेंट गेटवेचे पत्ते बंद स्थितीतही खुले ठेवण्याची व्यवस्था लागते.

डेटावापराची मर्यादा असलेल्या योजना विकत असाल तर आणखी एक बारकावा तपासावा. रेडियसमधील वापर मोजणारा मूळ आकडा ३२ बिटांचा आहे, म्हणजे सुमारे ४.२९ अब्ज बाइट मोजून झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. किती वेळा शून्यावर आला याची नोंद ‘गिगावर्ड्स’ नावाच्या वेगळ्या रकान्यात येते. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तर हा आकडा सहा मिनिटांच्या आतच फिरतो. तो वेगळा रकाना सॉफ्टवेअर वाचतच नसेल, तर सर्वाधिक वापर करणारे ग्राहकच अहवालात काटकसरी दिसू लागतात. चाचणी सोपी आहे: एका जोडणीवर एकाच सत्रात १० जीबीची फाइल उतरवावी आणि सॉफ्टवेअर किती वापर दाखवते ते पाहावे.

रेडियस सर्व्हर कुठे चालतो, हा प्रश्न विक्रेते सहसा स्वतःहून काढत नाहीत. तो विक्रेत्याच्या क्लाउडमध्ये असेल आणि तिथवरचा दुवा तुटला, तर चालू सत्रे बहुधा टिकून राहतात, पण नवे लॉगिन थांबते. आणि एखाद्या भागातील वीज जाऊन परत आली की शेकडो राउटर एकाच मिनिटात लॉगिन मागतात. म्हणून आपल्या नेटवर्कमध्ये दुसरा रेडियस सर्व्हर ठेवता येतो का, आणि मुख्य सर्व्हर बंद असताना तो शेवटच्या माहितीवर काम करतो का, हे विचारून प्रत्यक्ष करून पाहावे. बिलाचे पडदे दोन तास बंद राहिले तरी चालते. लॉगिन दोन तास बंद राहून चालत नाही.

हिशेबाच्या बाजूला एकच परीक्षा पुरेशी आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ग्राहकाने १७ तारखेला योजना बदलली, तर सॉफ्टवेअर उरलेले दिवस १४ धरते की १३, जुन्या योजनेची उरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करते की विसरते, आणि कर त्याच प्रमाणात बदलतो का, हे कागदावर मांडलेल्या हिशेबाशी ताडून पाहावे. अर्धवट भरलेली रक्कम आणि चुकीचे बिल रद्द करण्याची पद्धतही याच वेळी दिसते. बिल थेट पुसून टाकता येत असेल तर ते सोय म्हणून नव्हे, धोका म्हणून नोंदवावे.

तंत्रज्ञांसाठीचे मोबाइल अ‍ॅप खरोखर फिरतीवर वापरून पाहावे, कारण जिथे जोडणी करायची असते तिथे अनेकदा सिग्नल नसतो. ओएनयूचा (ग्राहकाच्या घरातील फायबरच्या उपकरणाचा) अनुक्रमांक स्कॅन करता यावा आणि जोडणीच्या दिवशी मिळालेली प्रकाशशक्ती ग्राहकाच्या नोंदीत राहावी. पहिल्या दिवशी उणे २० डीबीएम (प्रकाशशक्तीचे एकक; उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) असलेला आकडा वर्षभराने उणे २६ वर आला असेल, तर दोष राउटरमध्ये न शोधता फायबरमध्ये शोधता येतो.

फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर आणि त्यावर बसणारे, त्याच्या व्यवस्थापनाचे डॅलोरेडियस यांसारखे मुक्त स्रोत पर्याय परवाना शुल्काशिवाय मिळतात आणि फ्रीरेडियस अत्यंत भरवशाचे आहे. परंतु ते समजून घेणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर मागे काय उरते, याचा विचार करूनच त्या वाटेने जावे.

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न बाहेर पडण्याचा असतो. ग्राहकांची यादी आणि बिले सीएसव्हीमध्ये मिळतील, असे बहुतेक जण सांगतात. पीपीपीओईचे पासवर्ड मिळतील का, हे नेमके विचारावे लागते. चॅप पद्धतीच्या (पासवर्ड उघडपणे न पाठवता पडताळणाऱ्या) लॉगिनसाठी सर्व्हरकडे मूळ पासवर्ड असावाच लागतो, त्यामुळे तो देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. तो मिळाला नाही तर सॉफ्टवेअर बदलताना प्रत्येक घरी जाऊन राउटरमध्ये नवा पासवर्ड टाकण्याची पाळी येते. म्हणून पासवर्डसह संपूर्ण डेटा देण्याची अट करारात लिहून घ्यावी, आणि याच कारणाने तो डेटाबेस कोणाकोणाला उघडता येतो हेही विचारावे.

शुल्क ग्राहकसंख्येवर असेल तर बंद पडलेले आणि सोडून गेलेले ग्राहक मोजले जातात का, याचे लेखी उत्तर घ्यावे. त्यानंतर एकाच भागातील वीस-पंचवीस जोडण्या नव्या सॉफ्टवेअरवर हलवून एक पूर्ण बिलचक्र चालवावे. त्यांत एक-दोन नेहमीचे थकबाकीदार मुद्दाम असावेत, आणि ते बंद होऊन, पैसे भरून, पुन्हा आपोआप सुरू झालेले दिसेपर्यंत उरलेल्या ग्राहकांना हात लावू नये.