आगाशिव ते अनुराधपूर: बौद्ध स्थळं बघायला निघताय? या चुका टाळा

कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरावरची बौद्ध लेणी बघून उतरणाऱ्याला विचारा, "काय बघितलं?" उत्तर ठरलेलं: "काय नाय ओ, रिकाम्या खोल्या हायत नुसत्या." हीच मंडळी पुढं कर्ज काढून बोधगयेला जातात आणि तिथूनही फोटो सोडून फारसं काही घेऊन येत नाहीत. गेली काही वर्षं मी कराडातून ओळखीपाळखीच्या लोकांचे छोटे गट घेऊन जातो. त्यात आमच्याच हातून झालेल्या चुका सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरचं न बघता निघणं. जखिणवाडीच्या अंगानं वर गेलं की साठाहून जास्त लेणी आहेत. त्यांना गुफा म्हणू नका. गुफा आपोआप होते, लेणं माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेलं असतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत शिलालेखांतही शब्द 'लेण' असाच येतो, आपण तोच बोलतो.

मूर्ती शोधायला गेलात तर मात्र हात हलवत परत याल. ही लेणी साधी आणि जुनी आहेत. त्या काळी बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवायची रीत रुळलेली नव्हती. स्तूप, चक्र, बोधिवृक्ष, पाउलं, एवढ्यावरच सगळं सांगायचे. मग बघायचं काय? सकाळी तिरपं ऊन आत येतं तेव्हा भिंतीला गाल लावून बघा, छिन्नीच्या रेघा ओळीनं उठून दिसतात. उंबऱ्याशी खाली-वर खाचा दिसल्या तर समजा, तिथं लाकडी दार बसायचं. आत भिंतीलगतचा दगडी ओटा म्हणजे भिक्खूची झोपायची जागा. आमच्यातल्या एका पोरानं त्यावर आडवं होऊन बघितलं, पाय बाहेर आले! बाहेर पाण्याचं टाकं असेल तर पावसाचं पाणी त्यात कुठून उतरायचं, ती पन्हळ शोधा. एवढं जमलं की पुढची सगळी स्थळं बोलायला लागतात.

एक इशारा: लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा, सगळं खालीच ठेवून जा.

वाईजवळ लोहाऱ्याला दुसरी चूक होते. तिथला स्तूप आज पालपेश्वर म्हणून शिवलिंगासारखा पुजला जातो. आपले काही उत्साही लोक पुजाऱ्याशीच वाद घालत बसतात. इतिहास पोरांना बाहेर येऊन सांगा. आत चपला काढा, गप उभं राहा.

आता लांबचं. लुंबिनी नेपाळात आहे, हे माहीत सगळ्यांना असतं, पण बॅग भरताना आठवत नाही. व्हिसा लागत नाही म्हणून आमचे एक काका, वय ६२, फक्त आधार कार्ड घेऊन विमानतळावर आले. काउंटरवर अडवलं. विमानानं नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना तेवढी सूट आहे. काकांचं मतदान कार्ड घरी कपाटात, आणि ज्यांनी तिकिटं काढून दिली त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. काका तिथूनच मागं फिरले. तेव्हापासून निघायच्या आठवडाभर आधी मी प्रत्येकाकडून ओळखपत्राचा फोटो मागवतो.

सुट्टीचे वार न बघणं ही तशी बारीक चूक, पण जिवाला लागते. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष नेमकं त्याच्या आत आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

बोधगयेत महाबोधी विहाराच्या आत मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. त्यामुळं 'चुकलो तर फोन करतो' हे तिथं चालत नाही. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. आणि तिथं दोन रात्री मुक्काम करा. सात दिवसांत आठ ठिकाणं करणाऱ्या सहलीत माणूस फक्त बसच्या खिडक्या बघतो. पिंपळाखाली तासभर नुसतं बसायला मिळालं नाही तर एवढ्या लांब जायचं कशाला?

तोच पिंपळ पुढं श्रीलंकेत भेटतो. अशोकाची लेक संघमित्रा हिनं त्याची फांदी अनुराधपूरला नेली, असं तिकडचे ग्रंथ सांगतात. बोधगयेतला जुना वृक्ष १८७६ मध्ये पडला, आजचा त्यानंतर लावलेला आहे. श्रीलंकेत आपली खोड आडवी येते: मूर्तीकडं पाठ करून सेल्फी. तिकडं तो सरळ अपमान समजतात. बाजूला उभं राहून, मूर्तीकडं तोंड करून फोटो घ्या. चपला आणि टोपी दोन्ही काढायच्या असतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जाड मोजे पिशवीत असू द्या. दर पौर्णिमेला तिथं 'पोया'ची सुट्टी असते. गर्दी धरून चला.

आणि कधी कोलकात्याला गेलात तर इंडियन म्युझियममधलं भारहुतच्या स्तूपाचं दगडी कठडं चुकवू नका. स्तूप मूळचा मध्य प्रदेशातला, इसवी सनाच्या आधीचा. कठड्याला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत, त्यात 'करहकट' हे गाव येतं. अभ्यासक ते आपलं कराड मानतात. आम्ही गेलो तेव्हा गटातल्या मावशी त्या अक्षरांसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गावचं कुणीतरी आपल्या आधीच येऊन गेलं की."